वैशाखातील वाडी आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढील सारे आयुष्य प्राथमिक शाळेत मुलांना पाढे आणि परिसर अभ्यास शिकविण्यात गेले. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा आपण ठेवणार नाही, या भरवशावर उभे राहिलो आहोत. उन्हाळ्याच्या सुटीत सहकुटुंब शेतावाडीत जाण्याच्या आनंदाविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. विषय गोड आहे. परंतु त्यात आम्हांस एक कडू कबुलीही द्यावयाची आहे. ती अगोदर सांगितली तर आपण आंब्याची गोडी घेणार नाही, म्हणून क्रमाने सांगतो.

आपल्या ज्ञातीतील बरीच घरे मूळची दापोली, खेड, गुहागर या बाजूची. आमच्या लहानपणी परीक्षा संपली की कधी बोटीने हर्णै बंदरात, तर कधी एस.टी.ने धूळ खात गावी जाणे होई. आता कोकण रेल्वेने खेडला उतरून तासाभरात दापोली गाठता येते. १९९८ साली ही रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि मुंबईचे गाव जवळ आले. गाव जवळ आले खरे. आपण मात्र जवळ गेलो का, हा आजचा प्रश्न आहे.

कोकणातला उन्हाळा म्हणजे केवळ घाम नव्हे. फाल्गुन सरता सरता काजूची बोंडे पिवळी-तांबडी होतात. चैत्रात करवंदीच्या जाळ्या भरतात, घरोघरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते, आंब्याची डाळ आणि पन्हे होते. कित्येक घरांत अक्षय्यतृतीयेस पितरांना आंबा दाखविल्यावाचून कोणी तोंडात घालीत नसे. वैशाखात हापूस भरात येतो, फणस घमघमू लागतो, रातांब्यांनी झाडे लाल होतात. मृगाची चाहूल लागली की जांभळे. हे पंचांग आम्ही पुस्तकात वाचले नाही. आजीच्या मागून वाडीत हिंडताना ते पायांनी शिकलो.

गेल्या वैशाखात आम्ही दोघे मुले, सुना व तीन नातवंडे यांना घेऊन गावी गेलो. तब्बल अकरा वर्षांनी गेलो. मुलांचा बेत समुद्रकाठच्या विश्रामगृहात उतरण्याचा होता. तेथे थंड खोल्या होत्या, पोहण्याचा तलाव होता आणि नाश्त्याला, ते म्हणत, बारा पदार्थ होते. आम्ही म्हटले, "दोन रात्री आपल्या घरात काढू, तिसरी तुमच्या तलावात काढा." प्रत्यक्षात तिसऱ्या रात्रीही कोणी हलले नाही, याचे श्रेय आमच्याकडे नसून शेजारच्या भाऊंकडे आहे.

भाऊ स्वतःची थोडी कलमे राखतात. पहाटेच त्यांनी नातवांना झेला हाती दिला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने सुधारलेला हा झेला असतो; लांब काठीच्या टोकाला पाते आणि खाली जाळी. फळ देठासह कापले जाते आणि जाळीत अलगद उतरते. देठ मुळापासून तुटला तर चीक सालीवर ओघळून डाग पडतो. फळ जमिनीवर आपटले तर ते आढीत कुजते आणि शेजारच्यालाही कुजविते. ऊन चढण्यापूर्वी उतरविलेला आंबा सावलीत ठेवून मग भाताच्या पेंढ्यात आढी घालावयाची. आठ-दहा दिवसांनी रंग आणि वास आपोआप येतो. आमच्या थोरल्या नातवाने विचारले, "मग बाजारातले आंबे एका रात्रीत कसे पिकतात?" भाऊ हसले, पण उत्तर आम्हांसच द्यावे लागले. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे; तरीही घाई कोणाला सुटलेली नाही.

दुपारी माजघरात रातांबे फोडण्याचा कार्यक्रम. साले निराळी, गर-बिया निराळ्या. सालांना मीठ घातलेल्या रसाचे पुट द्यायचे, उन्हात वाळवायचे, पुन्हा पुट, पुन्हा ऊन, असे काही दिवस चालले म्हणजे काळेभोर आमसूल तयार होते. बियांपासून मुठेल निघते. थंडीत भेगाळलेल्या टाचांना त्यासारखे औषध नाही. फणसाचा गर खाल्ला, आठळ्या भाजीत गेल्या, चारखंड गुरांना गेले. धाकटी नात संध्याकाळी कचऱ्याची टोपली शोधू लागली आणि तिला ती घरात सापडेना! पर्यावरणावर आम्ही वर्गात ३६ वर्षे जे बोललो, ते त्या मुलीने एका दुपारी पाहिले.

आता कबुली.

१९९० साली महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना सुरू केली. तिच्या आधारे आमच्या वडिलांनी पुढल्या पावसाळ्यात वरकस जमिनीत २२ हापूस कलमे लावली. कातळात खड्डे खणले, खांद्यावरून पाणी वाहिले. ते गेल्यावर आम्ही व चुलतबंधूंनी विचार केला की मुंबईत राहून बाग कोण पाहणार? एका व्यापाऱ्याशी करार झाला. दरवर्षी पैसे बँकेत जमा होत. आम्ही सही करून मोकळे झालो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडची घरे आणि बागा झोडपल्या, तेव्हा घरामागचा जुना रायवळ आंबा पडला, हे आम्हांस दूरध्वनीवरून कळले. साथीच्या निर्बंधांमुळे जाता आले नाही, हे खरे. परंतु निर्बंध उठल्यावरही आम्ही गेलो नाही, हे अधिक खरे.

गेल्या वैशाखात नातवंडांना मोठ्या हौसेने "ही पणजोबांची बाग" म्हणून दाखवावयास गेलो, तो पाच कलमे शेंड्याकडून वाळत चाललेली. पालवी आखूड, फांद्या काटक्यांसारख्या. मोहोर लवकर व हमखास यावा म्हणून पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याभोवती पॅक्लोब्युट्राझोल नावाचे संजीवक घालतात. ते योग्य मापात घातले आणि जोडीला भरपूर खत दिले तर उपयोगाचे आहे, असे जाणकार सांगतात. परंतु वर्षावर्षाच्या मुदतीने झाड घेणाऱ्यास त्या झाडाच्या पुढील २० वर्षांची चिंता कोठून असणार? दरवर्षी औषध पडत गेले, खत पडले नाही. दोष त्या व्यापाऱ्याचा थोडा आणि आमचा अधिक. झाड त्याचे नव्हते, आमचे होते.

आम्ही ओशाळून उभे होतो. मुलांसमोर काही तरी करावे म्हणून खाली पडलेला पालापाचोळा गोळा करून पेटविण्यास सांगितले. भाऊंनी काडी हातातून काढून घेतली. म्हणाले, "गुरुजी, पाचोळा जाळू नका. जमिनीची धग फळाला लागते, मग आत साका होतो. तो बुडाशी पसरून ठेवा. आणि या दिवसांत आग पेटवली तर वणवा कुठवर जाईल याचा नेम नाही." थोडे थांबून पुढे म्हणाले, "कलमाला खतापेक्षा धन्याचा पाय अधिक लागू पडतो." परिसर अभ्यास शिकविणाऱ्या शिक्षकाला त्या दिवशी परिसराचा पहिला धडा मिळाला, तोही नातवंडांच्या देखत.

मित्रहो, सहलीचा आनंद आम्ही नाकारीत नाही. ज्यांची गावी जमीन नाही त्यांनीही अवश्य जावे. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले असून अनेक शेतकरी कुटुंबे पाहुण्यांना आपल्या घरी उतरवून घेतात. परंतु जाणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत, अशी आमची विनंती आहे.

पहिले, अगोदर कळवून जावे आणि शेतकऱ्याच्या कामाच्या वेळा ओळखाव्यात. आंबा उतरविण्याची वेळ ही आपल्या छायाचित्रांची वेळ नव्हे. दुसरे, पाणी जपावे. पावसाळ्यात कोकणात पाणी धो धो वाहते, पण वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागतो. आपल्या तीन बादल्या म्हणजे कोणाच्या तरी रोपांचे शिंपण असते. तिसरे, जेवण पत्रावळीवर किंवा केळीच्या पानावर घ्यावे, पिशव्या कापडाच्या न्याव्यात आणि प्लास्टिकचा तुकडाही मागे ठेवू नये. चौथे, वाडीवरच खरेदी करावी आणि भावात घासाघीस करू नये. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. परंतु त्या नावाचा लाभ पिकविणाऱ्याच्या ओच्यात पडावयाचा तर आपण त्याच्या दारात जाऊन घेतले पाहिजे.

आणि ज्यांची जमीन आहे, त्यांना पाचवी गोष्ट सांगतो. वैशाखात जाल तसे पावसाच्या तोंडावरही एकदा जा. मोठ्या कलमाला वर्षाला सुमारे ५० किलो शेणखत लागते. ते झाडाच्या विस्ताराखाली चर खणून मृगाच्या सुमारास द्यावे लागते. तेव्हा आंबे नसतात, करवंदे नसतात. चिखल असतो आणि डास असतात. परंतु फळाच्या दिवसांत येतो तो पाहुणा आणि खताच्या दिवसांत येतो तो धनी, हा भेद आम्ही आता शिकलो आहोत.

आम्ही त्या जून महिन्यात पुन्हा गेलो. करार पुढे चालविला नाही. भाऊंच्या सल्ल्याने २२ ही कलमांना खत घातले; थोरला नातू घमेली वाहात होता. पाच झाडांपैकी तिघांना नवी पालवी आली आहे. दोहोंविषयी खात्री देता येत नाही. आमच्या एका चुलतबंधूंचे मत अजूनही जमीन विकून टाकावी असेच आहे. त्यांच्याही अडचणी आहेत. त्यांना आम्ही दोष देत नाही. एवढेच म्हटले, "एकदा वाडीत येऊन उभे राहा, मग सही मागा." ते येत्या वैशाखात येणार आहेत.

मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. दरवर्षी आपण एखाद्या सभागृहात उन्हाळी मेळावा भरवितो. त्याऐवजी एक वर्ष तो ज्ञातीतील कोणाच्या तरी वाडीत, झाडाखाली भरवावा. गावातील भगिनींकडून स्वयंपाक करवून त्यांना त्याचा योग्य मोबदला द्यावा. मुलांनी झेला धरावा, वृद्धांनी आमसुले पाखडावीत. आणि त्याच सभासदांनी जून महिन्यात पुन्हा एक दिवस तेथे श्रमदानास यावे. वर्गणीपेक्षा हे अवघड आहे, याची आम्हांस जाणीव आहे.

निघताना धाकट्या नातीने त्या वाळत्या कलमाला हात लावून विचारले होते, "आजोबा, हे झाड कोणाचे?" आम्ही "आपले" म्हणालो खरे, पण आवाज खाली गेला होता. येत्या वैशाखात ती पुन्हा विचारील. तेव्हा तेच उत्तर मान वर करून देता यावे, एवढीच इच्छा आहे. आपल्यापैकी प्रत्येकास ते तसे देता यावे, ही श्रीचरणी प्रार्थना.