हुक करायचा की घ्यायचा?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलायचं आहे, विजेवर बोलायचं आहे, पीकविम्यावर बोलायचं आहे. त्यात मध्येच ट्रॉलीच्या हुकाचा विषय बघून काही जण हसले. हसायला हरकत नाही. पण आपल्या कोरडवाहू मुलखात बैलजोड्या घटल्या, आणि आता एकेका ट्रॅक्टरवर पाचपाच-दहादहा घरांची कामं चालतात. कापूस जिनिंगला जातो तो ट्रॉलीतून. ज्वारीचा कडबा घरी येतो तो ट्रॉलीतून. निंदणाला आणि वेचणीला आपल्या बाया जातात त्याही ट्रॉलीतूनच. हे सगळं ज्या हातभर लोखंडाला लटकलेलं असतं, तो हुक. वर्षाचं पीक आणि घरची माणसं ज्याच्या भरवशावर रस्त्याने चालली आहेत, त्याची चर्चा बैठकीत व्हायलाच पाहिजे.

प्रश्न सरळ आहे. हुक गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बनवून घ्यायचा, की तयार विकत आणायचा? दोन्ही बाजूंनी बोलणारे इथे बसले आहेत. म्हणून आधी हिशेब मांडू.

स्वतःची मजुरी धरा

बनवण्याच्या बाजूने पहिला मुद्दा पैशाचा असतो. "लोखंड घरात पडलं आहे, रॉडचे आणि विजेचे पैसे दिले की झालं." आता बघा. कापसाचा उत्पादनखर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरा, असं आपण सरकारला वर्षानुवर्षं सांगत आलो. हंगाम २०१८-१९ पासून हमीभाव दीडपट देतो असं सरकार म्हणतं, तेव्हा कोणता खर्च धरला यावर आपण भांडतो. आणि हुक बनवताना आपण स्वतः काय करतो? दोन दिवस भंगारात फिरलो, एक दिवस वेल्डिंगच्या दुकानात बसलो, ट्रॅक्टर तेवढे दिवस उभा राहिला. यातलं काहीच धरत नाही. जो हिशेब सरकारने चुकवला म्हणून आपण ओरडतो, तोच घरात चुकवतो.

शहरातली माणसं आपल्या जुगाडाचं फार कौतुक करतात. शेतकरी किती हुशार, मोडक्यातून गाडी उभी करतो! हुशारी आहेच. पण जुगाड ही काही आपली हौस नाही. हातात पैसा नसतो म्हणून जुगाड होतो. पैसा नाही हे मान्य. पण मग कुठे वाचवायचा आणि कुठे नाही, हे तरी नीट ठरवलं पाहिजे.

हुकावर जोर येतो किती?

समजा ट्रॉली दीड टनाची आणि तिच्यात ३० क्विंटल कापूस. मिळून झाले साडेचार टन. सपाट डांबरी रस्त्यावर ही ट्रॉली ओढायला शंभरेक किलोचा जोर पुरतो. म्हणून कसलाही हुक चालून जातो आणि आपल्याला वाटतं, मजबूत आहे. दहा फुटांना एक फूट असा चढ लागला की नुसत्या चढापायी साडेचारशे किलोचा जोर वाढतो. काळ्या रानात चाक रुतलं की त्याच्याही वर जातो.

पण हुक ओढताना जेवढा मरतो, त्याहून जास्त थांबताना मरतो. आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. ट्रॅक्टर ताशी २५ किलोमीटरने चालला आहे, समोर गुरं आली, आणि तुम्ही १० मीटरांत थांबलात. मागचे साडेचार टन हुकावर सुमारे ११०० किलोचा रेटा देतात. त्यात कडीचं भोक ४० मिलिमीटरचं आणि पिन ३० ची असेल, तर मधल्या ढिलाईमुळे तो नुसता रेटा राहत नाही, घणाचा घाव होतो. खड्ड्याखड्ड्याला असे घाव बसतात. लोखंड एका घावाने तुटत नाही. हजारो घावांनी त्याला बारीक चीर पडते, ती वाढत जाते, आणि एक दिवस रिकाम्या ट्रॉलीनेही हुक तुटतो. मग लोक म्हणतात, "काल तर एवढा माल आणला होता!"

दोनचाकी ट्रॉलीचं आणखी एक आहे. तिचं थोडं वजन हुकावर बसतं. आखापासून हुक ३ मीटरवर असेल आणि भरलेल्या मालाचा मध्य आखाच्या पुढे ३० सेंटिमीटर असेल, तर एकूण वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे साडेचारशे किलो, हुकावर येतो. हुक ट्रॅक्टरच्या मागच्या आखापासून ६० सेंटिमीटरवर असेल तर पुढची चाकं साधारण १३५ किलोंनी हलकी होतात. वळायला सोपं जावं म्हणून कोणी पट्टी जोडून हुक ९० सेंटिमीटरवर नेला, तर २०० किलोंनी हलकी होतात. चढावर स्टीअरिंग हलकं लागतं ते यामुळेच.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. ओढ नेहमी मागच्या आखाच्या खालून लागली पाहिजे. वरच्या टॉप लिंकच्या जागेवर साखळी अडकवून ट्रॉली किंवा ओंडका ओढला, तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे पलटतो. डोळ्याचं पातं लवेपर्यंत चालक खाली सापडलेला असतो. हुक बनवणाऱ्याने उंची चुकवली, तर लोखंड कितीही जाड असो, त्याचा उपयोग नाही.

भंगारातलं लोखंड

आता लोखंडाकडे येऊ. आपल्याकडे हुकाला लोखंड येतं तीन ठिकाणांहून: कमानीचा पाटा, जुना आख आणि बांधकामाची सळई. तिन्ही मजबूत आहेत यात शंका नाही. पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

कमानीच्या पाट्यात कार्बन जास्त असतो. साध्या रॉडने त्याला वेल्डिंग केलं की सांध्याच्या कडेचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो. सांधा वरून छान दिसतो आणि त्याच्या शेजारून तुकडा पडतो. जुन्या आखाचंही तसंच, शिवाय त्याने आधीच लाखो फेऱ्यांचा मार खाल्लेला असतो. टीएमटी सळईची ताकद तिच्या बाहेरच्या कडक थरात असते. तो थर कारखान्यात पाण्याने एकदम थंड करून आणलेला असतो. भट्टीत लाल केली किंवा वेल्डिंग केलं की तो गेला. अशी सळई वाकवून तिची पिन करणारे आपल्यात आहेत. त्यांनी ती आजच काढावी.

वेल्डिंगला सरळ जाणारं लोखंड म्हणजे साधं माइल्ड स्टील, चॅनेल आणि जाड प्लेट. कोणतं लोखंड कोणतं हे ओळखायला ग्राइंडर पुरतो. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब आणि पिवळसर निघतात, त्यांना फाटे कमी असतात. जास्त कार्बनच्या लोखंडाच्या ठिणग्या दगडाजवळच फुटून फुलबाजीसारख्या होतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर असतात.

वेल्डिंगवाला कारागीर वाईट नसतो. पण आपण त्याला ओलं रॉड, गंजलेलं लोखंड आणि अर्धा तास देतो, आणि वर भावात घासाघीस करतो. सांध्याच्या आत मळी राहिली की नाही हे त्याला दिसत नाही आणि आपल्यालाही दिसत नाही. मोठ्या कारखान्यात ते यंत्राने तपासतात. आपल्या तालुक्याला ते यंत्र नाही.

काय करावं, काय घ्यावं

म्हणून माझं म्हणणं असं. जे डोळ्यांनी तपासता येतं ते गावात बनवा. ज्याची ताकद लोखंडाच्या पोटात असते ते विकत घ्या.

हुक, पिन, ट्रॉलीच्या दांडीची कडी आणि बोल्ट, या चार वस्तू विकतच घ्या. हुक आणि कडी घडीव पोलादाची. बोल्ट घेताना त्याच्या डोक्यावर ८.८ हा आकडा कोरलेला बघा. ४.६ च्या साध्या बोल्टाच्या दुप्पट ताण तो सोसतो, आणि किमतीतला फरक चहापाण्याचा आहे.

दांडीचं चॅनेल, आडव्या पट्ट्या, ट्रॉली उभी ठेवायचा टेकू, साखळी अडकवायचे कान, फाळके, कडब्यासाठी बाजूच्या दांड्या, हे सगळं गावात बनवा. त्यात आपल्या कारागिराचा हात कोणी धरणार नाही. बिघडलं तर दिसतं आणि दुरुस्तही होतं.

ट्रॅक्टरला हुक बसवताना कंपनीने दिलेल्या भोकांतच बसवा. मागच्या आखाचं घर बिडाचं असतं. त्याला वेल्डिंग लावलं तर आज ना उद्या तडकतं, आणि ते बदलायचा खर्च शंभर हुकांना भारी पडेल. ट्रॅक्टरला कुठेही वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीची वायर काढा.

एक आक्षेप येईल: "दुकानातला हुक तरी खात्रीचा कशावरून?" आक्षेप खरा आहे. रंग लावलेलं बीडही घडीव म्हणून विकलं जातं. म्हणून घेताना हातोडी मारून बघा. पोलाद खणखणतं, बीड बद्द वाजतं. दुकानदाराला सांगून मागच्या कोपऱ्याला ग्राइंडर लावा आणि ठिणगी बघा. तो नाही म्हणाला तर दुसरं दुकान आहे. आणि पक्की पावती घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर टाकता येते. पण पावतीच नसेल तर जिल्हा आयोगापुढे दाखवणार काय?

झीज आणि चीर

विकत घेतला म्हणजे काम संपलं असं नाही. ३० मिलिमीटरची पिन झिजून २७ ची झाली, तर आपण म्हणतो, तीन मिलिमीटर तर गेली. पण वाकण्याविरुद्धची तिची ताकद पावापेक्षा जास्त कमी झालेली असते. पिन ही झिजण्यासाठीच असते. बैलाचा नाल बदलतो तशी ती बदला. कडीचं भोक लांबट झालं असेल तर त्यावर वेल्डिंग भरत बसू नका, कडी बदला.

चीर बघायची जुनी युक्ती सोपी आहे. हुक घासून स्वच्छ करा, रॉकेल किंवा डिझेल लावा, अर्ध्या तासाने कोरडा पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. चीर असेल तर पुढच्या थोड्या वेळात पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. रेघ दिसली की हुक भंगारात. आतली चीर यात दिसत नाही, म्हणून रेघ नाही दिसली तरी झिजलेला हुक ठेवू नका.

पिनेला क्लिप पाहिजे, तार किंवा सुतळी नको. आणि ट्रॉलीच्या दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींना ओलांडून लावा. साखळी हुकाला अडकवू नका, ट्रॅक्टरच्या अंगाला वेगळ्या जागी अडकवा. हुकच गेला तर हुकाला बांधलेली साखळी काय करणार? लांबी इतकी, की वळताना ताण येऊ नये आणि दांडी सुटली तर जमिनीत रुतू नये.

कागद आणि माणसं

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये शेतीच्या ट्रॉलीची व्याख्या आहे. ती शेतमाल वाहण्याची गाडी आहे. आपल्या बायाबापड्या तिच्यातून जातात हे आपल्याला माहीत आहे, पण कायद्याला ते मान्य नाही. अपघात झाला की विमा कंपनी नेमकं त्यावर बोट ठेवते. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा नसेल तर तिला आणखी एक कारण मिळतं. मग मजूर बाईच्या घरच्यांनी दाद मागायची कोणाकडे? ट्रॅक्टर मालकाकडेच ना? आणि मालक म्हणजे कर्जात बुडालेला आपलाच भाऊ. दोन घरं एका पिनेपायी उठतात.

गावात दुसरी सोय नाही म्हणून बाया ट्रॉलीत बसतात, हे मी जाणतो. त्यासाठी वेगळं भांडावं लागेल. पण तोवर ज्या ट्रॉलीत आपण त्यांना बसवतो, तिची पिन कोणी बघितली होती, एवढं तरी आपल्याला सांगता आलं पाहिजे.

म्हणून या बैठकीपुढे तीन सूचना ठेवतो. एक, दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा करतो त्याच दिवशी प्रत्येक गावात हुक, पिन आणि कडी तपासावी. वेचणीचा हंगाम त्यानंतरच भरात येतो. दोन, प्रत्येक गावशाखेने एक व्हर्नियर घ्यावा. तो एका घराने घ्यायची वस्तू नाही, गावाने घ्यायची आहे. तीन, तालुक्यातल्या सगळ्यांनी मिळून हुक, पिना आणि ८.८ चे बोल्ट एकदम घ्यावेत. एकटा शेतकरी दुकानात गेला तर दुकानदार सांगेल तो भाव. पन्नास जण मिळून गेले तर भाव आपणही सांगू शकतो. कापूस विकताना हे आपण शिकलो, आता विकत घेतानाही करून बघू.

सूचना मान्य असतील तर गावशाखांनी आपापल्या ट्रॅक्टरांची यादी जिल्हा कार्यालयात द्यावी. एवढं बोलून मी थांबतो.