नागरिकशास्त्राचा पाठ आणि शाळेतील पंगत
(केंद्र संमेलनातील भाषण)



दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाची राजवट १९९४ साली संपली, हे आपण मुलांस मोठ्या उत्साहाने सांगतो. परंतु भेदभाव हा सातासमुद्रापलीकडील रोग आहे, असा समज मुलांच्या मनात राहिला, तर तो पाठ वाया गेला असे समजावे. तसेच कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ व न्यायमंडळ ही नावे पाठ झाली, म्हणजे राज्यव्यवस्था समजली असे नव्हे. हे दोन्ही विषय एकत्र शिकविता येतील, असे उदाहरण आपल्याच सोलापूर जिल्ह्यात आहे.

मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले व्हावे, म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले. अमळनेरच्या शाळेतील हे एके काळचे शिक्षक. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळाने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. पुढे त्या कायद्याची अंमलबजावणी म्हणून अकलूज येथील जैन मंदिराचे कुलूप जिल्हाधिकाऱ्यांनी तोडविले. हे कार्यकारी सत्तेचे काम. जैन मंडळींनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. १९५१ साली न्यायालयाने निर्णय दिला : कायद्याने इतर हिंदूंइतकाच हक्क दिला आहे, त्या जैन मंदिरात इतर हिंदूंचाच हक्क सिद्ध होत नाही, सबब जिल्हाधिकाऱ्यांच्या कृतीस कायद्याचा आधार नाही. हेतू चांगला असला, तरी अधिकाऱ्यास कायद्याची मर्यादा ओलांडता येत नाही. मग ही उणीव कोणी भरून काढली? पुन्हा कायदेमंडळानेच. १९५६ च्या नव्या कायद्यात जैन पूजास्थानांचाही स्पष्ट समावेश झाला.

वर्गात मुलांचे तीन गट करून हा प्रसंग चर्चेस घ्यावा. कोणी काय करावयाचे व कोठे थांबावयाचे, हे मुले आपण होऊन सांगतील.

आता माझी एक चूक सांगतो. पूर्वी एका शाळेच्या तपासणीत सातवीच्या एका मुलाने संविधानातील अनुच्छेद १७, म्हणजे अस्पृश्यतेची समाप्ती, अचूक सांगितला. मी शेरेबुकात ‘उत्तम’ असे लिहिले. दुपारी पोषण आहाराच्या वेळी तोच मुलगा आणखी तिघांसह भिंतीकडेला वेगळा बसलेला दिसला. त्यांना कोणी तेथे बसा म्हटले नव्हते. ती जागा त्यांचीच, असे सर्वांनी धरले होते. मी पाहिले, आणि शेरा न बदलता परतलो. तो शेरा मला अद्याप टोचतो.

अकलूजच्या प्रकरणात चूक सुधारावयास न्यायालय होते, कायदेमंडळ होते. शाळेच्या पंगतीत मात्र केवळ आपण असतो. म्हणून उद्यापासून मुलांस हजेरीपटाच्या क्रमाने बसवा, वाढण्याची व पाणी देण्याची पाळी प्रत्येकास द्या, आणि आपले पानही त्याच ओळीत मांडा. पुढील भेटीत मी वर्ग नंतर पाहीन. आधी पंगत पाहीन.