बिनव्याजी भांडवल आणि लहान व्यावसायिक

शिंपी, सुतार, किरकोळ दुकानदार यांच्या अंगी कसब असते. उणीव असते ती भांडवलाची. व्याज धर्माने निषिद्ध मानणाऱ्यांची अडचण तर दुहेरी होते. बँकेची पायरी चढण्यास मन धजत नाही आणि सावकाराचे दार टाळता येत नाही.

या कोंडीतून वाट काढण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न १९६३ साली इजिप्तमधील मित घम्र येथे झाला. जर्मनीतील स्थानिक बचत बँकांच्या धर्तीवर डॉ. अहमद अल् नज्जार यांनी तेथे शेतकरी व कारागीर यांच्या बचतीतून त्यांनाच बिनव्याजी अर्थसाहाय्य देणारी बँक उभी केली. तो प्रयोग त्याच दशकात संपुष्टात आला. कल्पना मात्र अनेक देशांत रुजली.

या व्यवस्थेत अर्थसाहाय्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला 'मुशारका', म्हणजे भागीदारी. बँक व व्यावसायिक दोघेही भांडवल घालतात. नफा ठरल्या प्रमाणात, तर तोटा भांडवलाच्या प्रमाणात वाटला जातो. दुसरा 'मुराबहा'. समजा, शिंप्याला दहा हजार रुपयांचे शिवणयंत्र हवे आहे. बँक ते स्वतः विकत घेते व नफा सांगून साडेअकरा हजारांना हप्त्यांनी त्याला विकते. ठरलेली किंमत पुढे वाढत नाही.

भागीदारी हा या विचाराचा आत्मा मानला जातो. प्रत्यक्षात मात्र बँकांचा कल मुराबहाकडेच राहिला. लहान दुकानाचा खरा नफा पडताळणे खर्चाचे असते आणि हिशेबाच्या वह्या बहुधा अपुऱ्या असतात. मग बँक तारण मागते आणि तारण नसलेला कारागीर पुन्हा दाराबाहेरच राहतो. व्याज गेले, तरी अडसर राहिला!

यावर बांगलादेशात एक उपाय योजण्यात आला. १९८३ साली स्थापन झालेल्या इस्लामी बँकेने १९९५ मध्ये ग्रामीण विकास योजना हाती घेतली. तीत तारणाऐवजी गटातील सदस्यांच्या परस्पर हमीवर भर देण्यात आला.

भारतात रिझर्व्ह बँकेने २०१७ साली अशी बँकव्यवस्था सुरू न करण्याचा निर्णय घेतला. सर्व नागरिकांना वित्तीय सेवांची व्यापक व समान संधी उपलब्ध आहे, हे त्यामागील कारण होते.

तात्पर्य, केवळ व्याज वगळल्याने भांडवल गरजूच्या हाती पोहोचत नाही. त्यासाठी व्यावसायिकाने चोख हिशेब ठेवला पाहिजे आणि बँकेने मालमत्तेइतकेच माणसाच्या कसबाचे व सचोटीचे मोल जाणले पाहिजे.