वाळूचा खंड कोणाचा?

(रांजणगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मुख्य भाग.)



‘खनिजांचे अर्थकारण’ हा विषय संयोजकांनी मला दिला तेव्हा त्यांच्या मनात चंद्रपूरचा कोळसा किंवा गोव्याचे लोहखनिज असावे. रांजणगावात खाण कोठली, असे आपल्यालाही वाटले असेल. परंतु महागणपतीच्या देवळापासून औद्योगिक वसाहतीपर्यंत येताना आपल्या शेजारून ताडपत्री टाकलेले जे डंपर गेले, त्यांत खाणच चालली होती. शिरूर तालुक्याच्या उत्तर अंगाने कुकडी आणि घोड वाहतात, दक्षिण अंगाने भीमा, आणि भीमेपलीकडे दौंड. याच तालुक्यातील रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेस मिळते. या नद्यांची पात्रे ही आपली खाण आहे. म्हणून मी आज वाळूविषयी बोलणार आहे.

१९५७ च्या खाणी व खनिजे कायद्याने वाळूला ‘गौण खनिज’ म्हटले आणि तिचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे दिला. नावाने ती गौण असली तरी मोजमापाने नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे पाच हजार कोटी टन वाळू व खडी वापरली जाते. पाण्याखालोखाल माणूस सर्वाधिक वापरतो तो हाच पदार्थ. तात्पर्य, ‘गौण’ हा शब्द महसूल खात्याचा आहे. तो आपण स्वीकारण्याचे कारण नाही.

प्रथम ही वाळू येते कोठून ते पाहू. आपले दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या काळ्या दगडाचे आहे. हा दगड झिजला की त्याची बहुतांशी चिकणमाती होते; आपली काळी जमीन ती हीच. गारेचे कण त्यात फारसे नसतात. त्यामुळे विदर्भात वैनगंगेला जशी भरपूर वाळू मिळते तशी घोड-भीमेला मिळत नाही. आपल्या नद्यांची वाळू ही फार सावकाश जमलेली पुंजी आहे. त्यातच घोडेवर डिंभे आणि चिंचणी, भीमेवर चासकमान, मुठेवर खडकवासला अशी धरणे झाली. ती आवश्यक होती. परंतु धरण पाण्याबरोबर वाळूही अडविते, ही गोष्ट आपण हिशेबात धरलीच नाही. व्याज जवळजवळ थांबले, आणि नेमक्या त्याच काळात आपण मुद्दलावर हात टाकला.

आता उपशाचे तंत्र. माझ्या लहानपणी वाळू काढणे म्हणजे घमेले, चाळणी, गाढवे आणि बैलगाडी. उन्हाळ्यात जेवढे उघडे पात्र, तेवढीच खाण. श्रमाला मर्यादा होती, म्हणून उपशालाही होती. पुढे यारी आली, पोकलेन आले आणि शेवटी डिझेल इंजिनाचा पंप बसविलेली बोट आली. हा पंप पाण्याखालची वाळू पाण्यासकट ओढून काठावर ओततो. त्याला उन्हाळा लागत नाही आणि तळही दिसत नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन मीटरपेक्षा खोल जाऊ नये, काठापासून पात्राच्या रुंदीच्या एक चतुर्थांश आणि किमान साडेसात मीटर अंतर सोडावे, असे म्हटले आहे. पाण्याखाली हे मोजणार कोण?

खड्डा पडला की नदी गप्प बसत नाही. वरून येणारी वाळू त्या खड्ड्यात अडते आणि खालच्या अंगाला रिकामे पाणी जाते. हे रिकामे पाणी भुकेले असते. ते काठ कुरतडते आणि पुलाच्या पायाभोवतीची माती नेते. खड्ड्याची वरची कडाही ढासळत ढासळत मागे सरकते. म्हणजे उपसा एका गावाच्या हद्दीत झाला तरी जमीन दुसऱ्या गावाची जाते.

विहिरींचा हिशेब तर साधा आहे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. ओल्या वाळूतून तिच्या आकारमानाच्या सुमारे एक पंचमांश पाणी निथळते असे धरले, तर एका ब्रासमागे साडेपाचशे लिटरांच्या आसपास पाणी होते. हे पाणी पात्र दरवर्षी साठविते आणि काठच्या विहिरींना सावकाश देत राहते. डंपरमध्ये चार-पाच ब्रास वाळू जाते, तेव्हा तिच्याबरोबर दोन-अडीच हजार लिटरांची एक टाकी कायमची जाते. बाजारभावात त्या टाकीची किंमत कोठेही लागलेली नसते.

येथून मी माझ्या विषयाकडे येतो. मी पस्तीस वर्षे रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत शिकविला. जमिनीचा खंड हा मालकाच्या कष्टाचे फळ नसतो. धान्याला भाव येतो म्हणून तो उत्पन्न होतो, आणि ज्याच्या ताब्यात जमीन आहे तो उचलतो. एका वर्षी भीमाकाठच्या एका विद्यार्थ्याने मला वर्गात विचारले, “सर, आमच्या नदीतल्या वाळूचा खंड कोणाला मिळतो?” मी पुस्तकातले उत्तर दिले : सरकारला, स्वामित्वधनाच्या रूपाने. तो हसला. त्याच्या वडिलांची विहीर आटली होती आणि समोरच्या काठावर ज्यांचे पंप चालत होते त्यांनी नवे वाडे बांधले होते. माझे उत्तर अपुरे होते, हे मला फार उशिरा उमगले.

वाळू कोणी निर्माण केलेली नाही. ती काढण्याचा खर्च थोडा आहे, वाहतुकीचा त्याहून मोठा. पुण्यात पडणाऱ्या भावातून हे दोन्ही वजा केले, काढणाऱ्याचा वाजवी नफाही वजा केला, तरी जे उरते तो शुद्ध खंड होय. महाराष्ट्रात २०२१ पासून स्वामित्वधन ब्रासला ६०० रुपये आहे. बाजारात भाव हजारांत जातो. मधला खंड तीन हातांत वाटला जातो : परवाना ज्याच्या हाती, रस्ता ज्याच्या हाती आणि डोळेझाक ज्याच्या हाती. बोटीवर राबणारा मजूर मात्र दूरच्या राज्यातून आलेला असतो आणि रोजावर असतो. छापा पडला की पाण्यात उडी टाकतो तो तोच.

हा खंड जोवर आहे तोवर केवळ शिक्षेने काही साधत नाही. २०१५ मध्ये वाळूतस्करांना स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आणले. उजनीच्या फुगवट्यात महसूल पथकांनी बोटी स्फोटकांनी उडविल्या. पुन्हा नव्या बोटी आल्या, कारण बोटीची किंमत थोड्या दिवसांत वसूल होते.

शासनाचे धोरणही गोल फिरत राहिले. आधी लिलाव होते. लिलावात मोठी बोली लावणारा ती रक्कम परवान्यापेक्षा जास्त वाळू काढूनच भरून काढणार, हे उघड होते. २०२३ मध्ये सरकारने डेपो उघडून ६०० रुपयांना ब्रास वाळू देण्याचे ठरविले. गरिबाला स्वस्त वाळू! आपल्यापैकी अनेकांनी याचे स्वागत केले, मीही केले. पण बाजारभाव वर आणि सरकारी भाव खाली असला, आणि माल किती निघाला व कोठे गेला यावर लोकांची नजर नसली, की मधला फरक नाहीसा होत नाही. तो फक्त खिसा बदलतो. २०२५ मध्ये डेपो सोडून सरकार पुन्हा लिलावाकडे आले. या दोन्ही पद्धतींत भावावर वाद झाला; नदी वर्षाला किती देऊ शकते, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

त्याच वर्षी कृत्रिम वाळूचे धोरण आले आणि तिच्यासाठी स्वामित्वधन ६०० वरून २०० रुपये करण्याची सवलत जाहीर झाली. हा पर्याय मला मान्य आहे, परंतु डोळे उघडे ठेवून. खडी फोडताना उरणारी कच म्हणजे कृत्रिम वाळू नव्हे. दगड आधी जबड्याच्या यंत्रात, मग शंकूच्या यंत्रात फुटतो. त्यानंतर उभ्या दांड्याच्या यंत्रात कण एकमेकांवर आपटून त्यांच्या कडा मोडाव्या लागतात आणि बारीक भुकटी धुऊन काढावी लागते. हे टाळले तर चपटे कण जास्त पाणी व सिमेंट मागतात आणि घरकुलाचा स्लॅब कच्चा राहतो. शिवाय नदी वाचली तरी डोंगर फुटतोच. वाघोलीच्या खाणींवर वडार आणि स्थलांतरित कुटुंबांनी कशात आयुष्य काढले ते या जिल्ह्याने पाहिले आहे. सवलत द्यायची तर ती मजुराची नोंद, धूळ दाबणारी फवारणी आणि खाणीभोवतीचे कुंपण यांच्या अटीवर दिली पाहिजे.

मग आपण मागायचे काय? घोड नदी आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात उगम पावते. तेथील अनुसूचित गावांत १९९६ च्या पेसा कायद्याने गौण खनिजाच्या परवान्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस आवश्यक केली आहे. तीच नदी शिरुरात आली की गावाला तो हक्क राहत नाही. हा हक्क खालच्या गावांनाही मिळावा, ही आपली पहिली मागणी. दुसरी, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर ठरलेल्या जागी पात्राची पातळी मोजून ती पंचायतीच्या फलकावर लावावी. जेवढी वाळू भरून आली तिच्या आतच परवाना, भरली नाही तर परवाना नाही. तिसरी, खंडाचा ठरावीक वाटा ज्या गावांचे काठ आणि विहिरी गेल्या त्यांच्याकडे यावा, आणि त्याचा जमाखर्च ग्रामसभेत वाचला जावा.

एक कटू गोष्ट बोलून थांबतो. या धंद्यात केवळ परके नाहीत. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेली आपलीच मुले रात्री पात्रात उतरतात. त्यांचा हप्ता थकला तर घर बसते. त्यांना तस्कर म्हणून हाकलणे सोपे आहे, पण मग गाव त्यांच्या मागे जाईल आणि आपण एकटे पडू. परवानगीची जी थोडी वाळू उरेल तिची वाहतूक प्रथम त्यांच्या सहकारी संस्थेला मिळाली पाहिजे, हे आपल्या मागणीत असावे. मात्र त्यांना हेही स्पष्ट सांगावे लागेल, की मुद्दल संपल्यावर हप्ता कोणालाच फेडता येणार नाही. त्या विद्यार्थ्याला मी जे अपुरे उत्तर दिले, ते पूर्ण करण्याचे काम आता आपल्या सर्वांचे आहे.