आजोबांचे ‘निवेदन’



श्राद्धाच्या वेळी गुरुजी तीन पिढ्यांची नावे विचारतात. पिता, पितामह, प्रपितामह. वसु, रुद्र आणि आदित्य यांच्या रूपात त्यांचे स्मरण करायचे असते. वडिलांचे नाव चटकन सांगितले जाते. आजोबांच्या नावापाशी क्षणभर थांबावे लागते, आणि पणजोबांचे नाव यायची वेळ आली की यजमान माजघराकडे पाहू लागतात. तिथे एखादी आत्या किंवा वृद्ध काकू असली तर ती नाव सांगते. तीही नसली तर गुरुजीच काहीतरी मार्ग काढतात. तीन पिढ्या म्हणजे फार तर शंभर-सव्वाशे वर्षे. इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजात घराघरातला इतिहास मात्र तिसऱ्या नावापाशी अडखळतो, ही गोष्ट जरा विचार करायला लावणारी आहे.

कुलवृत्तांतांनी ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली, हे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रातील कित्येक घराण्यांनी मोठ्या चिकाटीने आपले वृत्तांत छापले. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून, मोडी दफ्तरांतून, इनामपत्रांतून नावे जमवली. पण कुलवृत्तांतात माणूस असतो तो एका ओळीपुरता. जन्म कुठे, शिक्षण काय, नोकरी कोणती, अपत्ये किती. तो कसा चालत होता, कशासाठी भांडला, कोणाला दुखावले, हे त्या ओळीत मावत नाही. आणि लेकीबाळींची नावे तर ‘सासरची’ म्हणून अनेकदा त्यात नसतातच.

आजोबा खऱ्या अर्थाने परत मिळवायचे म्हणजे काय करावे लागते, याचे एक उदाहरण आपल्याच मराठी मुलखातले आहे. ते गोव्यातील कोसंबी घराण्याचे. आजोबा धर्मानंद, पुत्र दामोदर आणि नात मीरा.

गोव्यातील हिंदू घराण्यांच्या कुळकथेची सुरुवात बहुधा देवापासून होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा लोकांनी आपापले देव रातोरात उचलून नदीपलीकडे, अंत्रुज महालात नेले. कुशस्थळीचा मंगेश मंगेशीला आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. साखवाळचा लक्ष्मीनृसिंह वेलिंगला गेला आणि तिथलीच विजयादुर्गा केरीला. त्यामुळे गोमंतकीय माणसाला दोन गावे सांगावी लागतात, एक आपले आणि एक देवाचे. या दोन गावांमधले अंतर काही कोसांचेच असते, पण त्यात चार-साडेचारशे वर्षांची हकीकत साठलेली असते. सुखाने नांदणाऱ्या कुळांपेक्षा उखडल्या गेलेल्या कुळांना आपले मूळ अधिक घट्ट धरून ठेवावेसे वाटते, असे दिसते.

त्या साखवाळ गावी, देव निघून गेल्यानंतर तीनशे वर्षांनी, ९ ऑक्टोबर १८७६ रोजी एका सारस्वत घरात धर्मा दामोदर कोसंबी यांचा जन्म झाला. नारळीची बागायत, बेताची सांपत्तिक स्थिती आणि नाजूक प्रकृती. शिक्षण मराठी शाळेतले, तेही खंडित. पुढे जो मनुष्य हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथांचे संपादन करणार होता, त्याने तरुणपणी इंग्रजी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयातच झाले. पत्नीचे नाव बाळाबाई.

मराठी पुस्तके आणि मासिके हीच त्यांची पाठशाळा. तुकोबांच्या अभंगांनी मनाला आधार दिला. आणि ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील एका लेखातून त्यांना गौतम बुद्धाचा परिचय झाला. हे मासिक मिशनऱ्यांच्या छापखान्यातून निघे. मिशनच्या मासिकातील लेख वाचून एक गोमंतकीय तरुण बौद्ध धर्माच्या शोधात घर सोडतो, हे त्याच्या संपादकांच्या स्वप्नातही आले नसेल!

१८९९ च्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. वडील वारले होते. मुलगी माणिक अगदी तान्ही होती. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची गाठ घेतली. तेथून ग्वाल्हेर आणि मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे बुद्धाच्या शोधात नेपाळ, बोधगया आणि सिंहलद्वीप. तिथे सुमंगलाचार्यांच्या विद्योदय परिवेणात पाली शिकले आणि श्रामणेराची दीक्षा घेतली. नंतर ब्रह्मदेश. खिशात पैसा नाही, ओळख नाही, आणि ज्या भाषेसाठी निघाले ती शिकवणारा महाराष्ट्रात कोणी सापडलेला नाही. आज आपला मुलगा परदेशी जायचा म्हणजे सहा महिने आधीपासून कागदपत्रांची धावपळ चालते. या माणसाजवळ कागद म्हणावा असा एकही नव्हता.

१९०६ मध्ये चीवर उतरवून ते पुन्हा प्रपंचात आले. कलकत्त्यात पाली शिकवण्याचे काम मिळाले. नाव होऊ लागले होते. आणि तेव्हा त्यांनी जो निर्णय घेतला तो आजच्या हिशेबात बसणारा नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रातल्या गावी राहायचे आणि दर वर्षी एखादा ग्रंथ लिहायचा. धर्मानंदांनी कलकत्ता सोडले आणि पन्नास रुपये पत्करले. आपण जे शिकलो ते आपल्या भाषेत, आपल्या माणसांपर्यंत पोहोचले पाहिजे, एवढाच त्यामागचा विचार. बडोद्यातील त्यांची व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या पुस्तकात आली. ते मराठी वाचकांच्या हाती पडले, त्याचे श्रेय या पन्नास रुपयांना आहे.

१९१० मध्ये ते हार्वर्डला गेले. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाच्या अकाली निधनाने अपुरे राहिले होते. ते पुरे करण्याचे काम धर्मानंदांकडे आले. पण तेथील ज्येष्ठ प्राध्यापकांशी संपादनाच्या श्रेयावरून मतभेद झाले आणि ते १९१२ मध्ये परतले. हाताशी आलेली कीर्ती त्यांनी तत्त्वासाठी टाकून दिली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन सुरू केले; पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे हे त्यांचे शिष्य. पुढे अमेरिकेच्या आणखी फेऱ्या झाल्या. अहमदाबादला गुजरात विद्यापीठ, रशियात लेनिनग्राड, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास, मुंबईत श्रमिकांच्या वस्तीत बहुजनविहार. हार्वर्डच्या मालेतील ‘विसुद्धिमग्ग’ प्रसिद्ध झाला तो १९५० मध्ये. तेव्हा धर्मानंद हयात नव्हते. जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवला होता. शरीर आता कोणाच्या उपयोगी नाही, तर सेवा घेत पडून का राहावे, ही त्यांची भूमिका. गांधीजींनी प्रार्थनासभेत त्यांच्याविषयी सांगितले. देशात फाळणीचा गदारोळ चालला होता. एका पाली पंडिताच्या मृत्यूकडे लक्ष देण्याइतकी उसंत फारशी कोणाला नव्हती.

धर्मानंदांची सर्वच मते आपल्याला पटतील असे नाही. ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ या ग्रंथात त्यांनी आपल्या परंपरेवर जी टीका केली, ती वाचताना अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि आजही पडतील. पण त्यांनी मत बनवण्यापूर्वी मूळ ग्रंथ त्या भाषेत वाचले होते, आणि मतासाठी किंमत स्वतः मोजली होती. टीकाकाराकडून याहून अधिक काय मागायचे?

आता घराण्याकडे वळू. धर्मानंदांच्या वडिलांचे नाव दामोदर. ३१ जुलै १९०७ रोजी पुत्र झाला, त्याचे नावही दामोदर. आजोबांचे नाव नातवाला देण्याची आपली जुनी रीत. एक पिढी सोडून नाव परत येते. ज्याने घर सोडले, चीवर पांघरले, सात समुद्र ओलांडले, त्याने मुलाचे नाव ठेवताना मात्र रीत सोडली नाही. १९१८ मध्ये धर्मानंदांनी माणिक आणि दामोदर या दोघांना अमेरिकेस नेले. मुलीलाही नेले, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लक्षात घ्यावी अशी. दामोदर १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर होऊन परतले आणि पुढे गणिती व इतिहासकार म्हणून जगाला ठाऊक झाले. त्यांची मार्क्सवादी मांडणी या व्यासपीठाच्या श्रोत्यांना मान्य होण्याजोगी नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. पण त्यांनीच भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये सिद्ध केली, आणि ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२ च्या ग्रंथात गोव्याच्या जुन्या काबिजादीतील गावकरी पद्धतीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. जगाचा इतिहास धुंडाळणारा माणूस अखेर वाडवडिलांच्या गावकीपाशी येऊन पोहोचला.

आणि नात. मीरा कोसंबी यांचा जन्म १९३९ चा. आजोबा गेले तेव्हा त्या आठ वर्षांच्या. त्या समाजशास्त्रज्ञ झाल्या, स्टॉकहोमला पीएच.डी. केली, मुंबईच्या एस.एन.डी.टी. विद्यापीठात स्त्री-अभ्यास केंद्राच्या संचालक झाल्या. पंडिता रमाबाई, आनंदीबाई जोशी, काशीबाई कानिटकर यांच्यावर त्यांनी काम केले. एकोणिसाव्या शतकातल्या बायकांनी काय सोसले, हा त्यांचा जन्मभराचा विषय.

अशा अभ्यासकाने आपल्या आजोबांचे आत्मचरित्र हाती घ्यावे, यात एक पेच होता. धर्मानंदांनी ‘निवेदन’ हे आत्मकथन लिहिले. ते १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आले. मनाचा दुबळेपणा, चुका, पश्चात्ताप यांपैकी काहीही झाकून न ठेवता लिहिलेले. पण १८९९ मध्ये जो उंबरठा ओलांडला गेला, त्याच्या आत बाळाबाई उभ्या होत्या, कडेवर तान्हे मूल घेऊन. नवरा संन्यास घेऊन गेला की मरण पावला, याची खातरजमा करण्याचे साधन नाही. सौभाग्यवती म्हणून मिरवावे तर नवरा घरात नाही. जवळजवळ सात वर्षे! नातेवाइकांच्या आधाराने राहणे म्हणजे काय, हे आपल्या आजीला, पणजीला विचारावे. बुद्धचरित्रात यशोधरेसाठी कवींनी आसवे गाळली. साखवाळच्या यशोधरेने आत्मचरित्र लिहिले नाही.

ज्या नातीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या आज्यांचे दुःख अभ्यासले, तिने आपल्या आजीच्या बाबतीत काय करावे? आजोबांचा गौरवग्रंथ काढणे सोपे होते. त्यांच्यावर खटला भरणे आजच्या वातावरणात त्याहून सोपे. मीराताईंनी दोन्ही केले नाही. त्यांनी आजोबांचे मराठी लेखन इंग्रजीत आणले. ‘निवेदन’चा अनुवाद केला, निवडक लेखनाचा संग्रह सिद्ध केला, प्रस्तावना लिहिल्या. म्हणजे आजोबांना त्यांच्याच शब्दांत बोलू दिले, आणि त्या शब्दांत जिथे आजी गप्प आहे ती जागा वाचकाला दिसेल अशी ठेवली. सत्तरीच्या उंबरठ्यावर, विद्वत्तेने सर्व काही मिळाल्यावर, एखाद्या विदुषीला आपल्या आजोबांच्या हस्तलिखितांची आणि जुन्या पुस्तकांची जुळवाजुळव करावीशी वाटते. यात वंशाभिमान किती आणि ऋणफेड किती, हे वेगळे काढता येणार नाही. पितृऋण हा शब्द आपल्याकडे आहेच. तो नातींनाही लागू पडतो, एवढे आपण सहसा लक्षात घेत नाही.

घरोघरी धर्मानंद नसतात, हे खरे. पण घर सोडून मुंबईच्या गिरणीत गेलेले, सत्याग्रहात तुरुंगात गेलेले, वेंगुर्ल्याच्या बंदरातून गलबतात बसलेले, किंवा सारा जन्म एका शाळेत बाराखडी शिकवण्यात घालवलेले आजोबा असतातच. त्यांची पत्रे ट्रंकेत असतात. जागा रिकामी करताना ती ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते. त्यातला मोडीतला कागद वाचता येत नाही म्हणून आधी टाकला जातो. आणि मागे राहिलेली आजी, जिला तारीख-वार आठवत नाही पण कोणत्या सालच्या पुरात गोठा वाहून गेला ते आठवते, तिला कोणी विचारत नाही. विचारायचे राहून जाते, आणि मग एका दिवशी गुरुजी तिचेही नाव विचारतात.

मीरा कोसंबी यांचे २०१५ च्या फेब्रुवारीत निधन झाले. आजोबांच्या आत्मकथनाच्या त्यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाचे नावही त्यांनी बदलले नाही. ते ‘निवेदन’च ठेवले.