हिंडणाऱ्यांच्या कथा

नातवाने आजोबांची थट्टा करावी आणि आजोबांनी उत्तरादाखल एक अख्खा ग्रंथ भरेल एवढी हकीकत सांगावी, असा प्रसंग प्राकृत कथावाङ्मयात आहे. श्रीकृष्णाचा पुत्र प्रद्युम्न आपल्या आजोबांना, वसुदेवांना, डिवचतो : तुम्ही शंभर वर्षे देशोदेशी हिंडलात तेव्हा कोठे तुम्हाला इतक्या भार्या मिळाल्या, शांबाला तर त्या घरबसल्या लाभल्या! वसुदेव उत्तर देतात की, शांब हा विहिरीतल्या बेडकासारखा आहे, आयते मिळाले त्यात तो संतुष्ट. हिंडताना आपण जे सुखदुःख भोगले ते दुसऱ्या कोणाच्या वाट्याला क्वचितच येईल. भार्यांचा हा हिशेब आजच्या वाचकाला रुचणार नाही. परंतु आजोबांच्या उत्तरात प्रवासकथेच्या आकर्षणाचे मर्म आले आहे.

हा ग्रंथ म्हणजे संघदासगणी वाचकांचा ‘वसुदेवहिंडी’. तो इसवी सनाच्या सहाव्या शतकापूर्वीचा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. भाषा जुनी जैन महाराष्ट्री प्राकृत. ‘हिंडी’ म्हणजे भ्रमण. मराठी माणसाला या शब्दाचा अर्थ विचारण्यासाठी कोश उघडावा लागत नाही; ‘हिंडणे’ हे क्रियापद आपल्या घरात आजही नांदते आहे. मुनी चतुरविजय व मुनी पुण्यविजय यांनी संपादिलेला हा ग्रंथ १९३०-३१ साली भावनगरहून प्रकाशित झाला. लुप्त झालेल्या गुणाढ्याच्या बृहत्कथेशी त्याचे नाते आहे, हे पुढे लुडविग आल्सडॉर्फ या जर्मन पंडितांनी दाखवून दिले, आणि १९७७ साली डॉ. जगदीशचंद्र जैन यांचा त्यावरील इंग्रजी ग्रंथ निघाला.

वसुदेवांच्या भ्रमणात अनेकांची भ्रमणे गुंफलेली आहेत. त्यांत चारुदत्ताची कथा सर्वांत उजवी. चंपानगरीच्या श्रेष्ठीचा हा मुलगा गणिकेच्या नादाने निर्धन होतो आणि गेलेली संपत्ती मिळवण्यासाठी घर सोडतो. त्याने विकत घेतलेला कापूस आगीत जळतो. समुद्रमार्गे तो चीन आणि सुवर्णभूमीपर्यंत जातो, धन मिळवतो. परतताना जहाज फुटते आणि एका फळीच्या आधाराने तो कित्येक दिवस लाटांवर तरंगत राहतो. पुढे एक कपटी परिव्राजक त्याला सुवर्णसिद्धीच्या रसाच्या लोभाने विहिरीत सोडून देतो. तेथून तो घोरपडीची शेपटी धरून बाहेर येतो! अशा अद्भुताबरोबर बाजारपेठेतला व्यवहारही कथाकाराने टिपला आहे. टंकण देशाच्या सीमेवर व्यापारी नदीकाठी माल मांडतात, धूर करतात आणि दूर सरतात. धूर पाहून तेथील लोक येतात, मालाच्या बदल्यात बोकड आणि फळे ठेवून निघून जातात. देणाराघेणारा एकमेकांचे तोंडही पाहत नाही. ऐकणारे श्रोते पुष्कळसे व्यापारी घरांतले असणार. त्यांच्या कानांना हा तपशील किती गोड लागला असेल!

परंतु कथेचा खरा कस पुढे लागतो. बोकडांवर बसून तांडा अरुंद कड्यांवरची अजवाट पार करतो. वाट संपल्यावर सोबती रुद्रदत्त सांगतो की, आता बोकड मारायचे, त्यांची कातडी पांघरून पडून राहायचे. भारुंड पक्षी मांस समजून उचलतील आणि रत्नद्वीपात नेऊन टाकतील. चारुदत्त विरोध करतो. ज्यांनी दुर्गम वाटेवरून सुखरूप आणले, त्यांनाच मारायचे? त्याचे कोणी ऐकत नाही. आपल्याकडे टक लावून पाहणाऱ्या बोकडाला तो वाचवू शकत नाही. त्याला धर्म सांगतो, नमस्कारमंत्र ऐकवतो. बोकड मारला जातो. आणि तेच कातडे पांघरून चारुदत्त आकाशमार्गे निघतो.

कथाकाराने येथे नायकाला निर्दोष करून सोडलेले नाही. चंपेच्या हवेलीत अहिंसा पाळण्यास चारुदत्ताला काहीच मोल पडले नसते. घर, गाव, ओळखीची माणसे यांचा आधार सुटला, मागे फिरण्यास वाट उरली नाही, तेव्हा त्या व्रताची किंमत विचारली गेली, आणि ती त्याला पुरती देता आली नाही. श्रोता भारुंड पक्ष्यासाठी कान देतो आणि बोकडाच्या डोळ्यांपाशी अडकतो. पुढे हाच बोकड देव होऊन येतो व समोर मुनी असतानाही प्रथम चारुदत्ताला वंदन करतो, कारण अंतकाळी धर्म सांगणारा गुरू तोच. हे वंदन स्वीकारताना चारुदत्ताला काय वाटले असेल, ते कथाकार सांगत नाही. बुधस्वामीच्या संस्कृत ‘बृहत्कथाश्लोकसंग्रहा’त हीच वाट सानुदासाच्या कथेत येते, तेथेही बोकडाचा वध होतो, पण मंत्र आणि वंदन नाही. तो अंश जैन परंपरेचा.

घटनांच्या दृष्टीने अगदी वेगळे, पण याच जातीचे मराठी पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडसे वरसईकरांचे ‘माझा प्रवास’. कर्जाने गांजलेला हा भिक्षुक १८५७ साली पेणजवळील वरसईहून काकांसह उत्तरेकडे निघाला, तो बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. चारुदत्त काय आणि गोडसे भटजी काय, दोघेही पैशासाठीच घराबाहेर पडले. वाटेत बंड उसळले. १८५८ साली झाशीच्या वेढ्यात भटजी शहरातच होते. तेथील संहार त्यांनी पाहिला आणि तो लिहिताना शौर्याबरोबर स्वतःची भीती व भूकही लपवली नाही. म्हणूनच कदाचित त्यांच्यावर विश्वास बसतो. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी आठवणी लिहिल्या, आणि लेखकाच्या पश्चात १९०७ साली, वैद्यांनी बरेच फेरफार करून, त्या प्रसिद्ध केल्या. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली.

भटजींनी मिळवलेली दक्षिणा वाटेत पुन्हा पुन्हा लुटली गेली. गंगोदकाची कावड तेवढी वरसईला पोचली आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले.