डाग कशाचा?



कर्करोग्याला किरणोत्सर्गी फ्लोरीन जोडलेली साखर टोचून पेट-स्कॅन काढतात. जी पेशी साखर अधिक खाते, ती चित्रात उजळते. पण साखर एकटा कर्करोगच खातो थोडाच? क्षयाची गाठ उजळते. २०२१ साली कोरोनाची लस घेतलेल्या पुष्कळांच्या काखेतल्या गाठीही उजळल्या. दगडखाणीत वा फौंड्रीत वर्षानुवर्षे सिलिकाची धूळ ओढलेल्या कामगाराच्या छातीतल्या गाठींचे तेच. तो अनपेक्षित डाग पाहून ‘रोग पसरला’ असे ठरले, तर जी शस्त्रक्रिया त्याला वाचवील तीच हुकायची! म्हणून आधी सुईने गाठीचा कण काढून तपासायला हवा. आणि डॉक्टरांपुढे नुसते ‘मजुरी करतो’ म्हणू नका. कुठल्या खात्यात, किती वर्षे, कसली धूळ, हे केसपेपरावर लिहवून घ्या.